परफॉर्मन्स आर्टिस्ट व्हा, लोणखेडा न सोडता

पपईला भाव नाही, स्पर्धा परीक्षेचं वय निघून गेलं आणि घरातली मंडळी तुमच्याकडे बघून सुस्कारे सोडायला लागली आहेत? खचू नका. एक धंदा असा आहे की ज्याची भरती निघत नाही, त्यामुळे नापास व्हायचीही सोय नाही. चित्र काढता येत नसलं तरी चालतं, गळा नसला तरी चालतं. अभिनय येत असेल तर थोडी अडचण आहे, पण ती सरावाने जाते. या धंद्याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. न्यूयॉर्क, टोकियो, मुंबई अशा ठिकाणी तो गेली साठ-सत्तर वर्षं बरा चालला आहे. आपल्या शहादा तालुक्यातल्या लोणखेड्यात त्याचं दुकान अजून कोणी मांडलेलं नाही. शहाद्यातल्या कोणाच्या डोक्यात यायच्या आत पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा.

१. आधी घराणं पाठ करा

गवयाला गुरू लागतो, पैलवानाला तालीम लागते. तुम्हाला फक्त सनावळी लागते, तेव्हा एवढी घोका. २९ ऑगस्ट १९५२: अमेरिकेत वुडस्टॉकजवळ जॉन केजची रचना सादर करायला डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसला आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद त्याने एकही सूर वाजवला नाही. १९५९: न्यूयॉर्कच्या रूबेन गॅलरीत ॲलन कॅप्रोने प्रेक्षकांनाही कामाला लावणारं ‘हॅपनिंग’ घडवलं. १९६२: लंडनमध्ये ॲलिसन नोल्सने लोकांसमोर कोशिंबीर केली, आणि ती इतिहासात गेली. १९६६: डिक हिगिन्सने ‘इंटरमीडिया’ नावाचा निबंध छापून सांगितलं की चित्र, संगीत, कविता, नाटक यांच्या मधल्या मोकळ्या जागेतच खरा माल आहे. १९६८: एलेन समर्स या नृत्यकर्तीने न्यूयॉर्कमध्ये एक्स्परिमेंटल इंटरमीडिया फाउंडेशन काढलं. पुढे फिल निब्लॉक या संगीतकाराने स्वतःच्या राहत्या माडीवर कार्यक्रम ठेवून ते कित्येक दशकं चालवलं.

देशी शाखाही तोंडावर असू द्या. १९६९ ते १९७२ या काळात अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत नेपियन सी रोडला व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप चालवलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले सगळे एका छताखाली आणले. विशीतल्या नलिनी मालानी तिथेच फिल्म करायला लागल्या.

काकांनी ‘मग तो पियानो वाजवला का नाही?’ असं विचारलं तर उत्तर देऊ नका. खिडकीबाहेर बघा. उत्तर न देणं हा या घराण्याचा षड्ज आहे.

२. साहित्य बांधावरून उचला

रंग, कॅनव्हास यांवर खर्च करू नका. डिसेंबर २०१९मध्ये मायामीत मौरिझिओ कॅतेलानने चिकटपट्टीने भिंतीवर केळं चिकटवलं आणि ते एक लाख वीस हजार डॉलरला गेलं. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच कृतीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. लिलावातलं केळं रस्त्यावरच्या गाडीवरून ३५ सेंटला आणलेलं होतं. घेणाऱ्याने पुढे ते खाऊन टाकलं.

आपला शहादा तालुका पपईचा. पपई चिकटपट्टीवर राहत नाही, खाली येते, हे आधीच सांगून ठेवतो. तिचा वेगळा उपयोग करा. हिरव्या सालीवर पिवळी रेघ दिसली की फळ तोडायचं, चीक हाताला लागू द्यायचा नाही, एकेक नग रद्दी पेपरात गुंडाळायचा आणि दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकात थराने लावायचा. हेच तुम्ही गॅलरीत तीन तास करा. शेतातल्या बाया हे तुमच्यापेक्षा चौपट वेगाने करतात, म्हणून त्यांना बोलावू नका. आणि भावाचं म्हणाल, तर दर हंगामात शेतकरी आणि व्यापारी त्यावरून भांडतात, बोलणी फिसकटतात, तोड थांबते, फळ झाडावर पिवळं पडतं. तुम्ही त्या बैठकीला जाऊन बसू नका. मायामीत बागायतदाराला कोणी विचारलं नव्हतं, म्हणूनच भाव चांगला लागला.

पपई आपल्याकडे आधी वापरून झाली आहे, तेही माहीत असू द्या. १९९५मध्ये मुंबईत एनसीपीएच्या आवारात रुम्माना हुसेन पायात घुंगरू बांधून, आवाज न काढता तोंड उघडं ठेवून, हातात कापलेली पपई घेऊन चालल्या होत्या. बाबरी मशीद पडल्यावर आणि मुंबईच्या दंगलींनंतर त्यांच्या हातातला कॅनव्हास सुटत गेला होता. त्या पपईला कारण होतं. तुमच्याकडे कारण नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, बऱ्याच जणांकडे नसतं. आठव्या पायरीवर ते तयार मिळेल.

३. जनावर घ्या, पण मोजून

जानेवारी १९६९मध्ये यानिस कुनेलिसने रोमच्या गॅलरीत १२ जिवंत घोडे बांधले. तेव्हापासून कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना दाणापाणी चालू आहे. आपल्या तालुक्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे शेकड्यांनी बांधले जातात. काही नाचतात, गिऱ्हाईक ओठ वर करून दात बघतं, बोली उपरण्याखाली बोटांनी लागते. पण यातलं काहीच कलेत धरलं जात नाही, कारण संख्या चुकली. तुम्ही बाराच ठेवा. तेरावा घोडा आला की बाजार होतो.

जोसेफ बॉइस १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत कायोटी नावाच्या रानटी जनावराबरोबर राहिला होता. त्याचं अनुकरण करायचा मोह होईल, आणि आपल्याकडे उसात बिबट्या असतोही. तो मोह टाळा. बिबट्याला उद्घाटनाची वेळ पाळायची सवय नाही.

४. कालावधी वाढवा

कृती सुचत नसेल तर ती लांबवा. पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसलात तर लोक हसतात, पाच दिवस बसलात तर वर्तमानपत्रवाले येतात. मरिना अब्रामोविच २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये रोज खुर्चीत बसायची. समोरच्या खुर्चीत कोणीही येऊन बसावं, बोलायचं मात्र नाही. असं जवळजवळ तीन महिने चाललं. लोक रांगा लावून आले, काही रडले. याचा सराव कोणत्याही सरकारी कचेरीत फुकट होतो. समोरची खुर्ची बहुधा रिकामी असते, आणि रडू यायला तीन महिने लागत नाहीत.

गोव्यात राहणारे निखिल चोप्रा सप्टेंबर २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सलग ९ दिवस वेश बदलत आणि कापडावर चित्र काढत वावरले. आणखी ताणायचं असेल तर तेहचिंग शे याचा नमुना घ्या. १९८१-८२चं आख्खं वर्ष त्याने न्यूयॉर्कमध्ये छपराखाली न जायचा नेम धरला. थंडी, पाऊस, बर्फ, सगळं अंगावर घेतलं. इथे तुमची थोडी पंचाईत होईल. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि हंगामभर पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्यापैकी कोणाला तुमच्या वर्षभराच्या उपक्रमाची माहिती देऊ नका. ते ‘मुकादमाने उचल किती दिली?’ असं विचारतील.

५. इजा: जपून आणि एकदाच

१९ नोव्हेंबर १९७१ रोजी कॅलिफोर्नियात ख्रिस बर्डनने मित्राकडून स्वतःच्या डाव्या दंडावर रायफलची गोळी झाडून घेतली. गोळी नुसती चाटून जायची होती, ती आरपार गेली. याने बर्डनचं नाव झालं. मित्राचं नाव विचारलं तर अभ्यासकांनाही आठवावं लागतं. तात्पर्य: गोळी खाणारे व्हा, झाडणारे होऊ नका. आणि लोणखेड्यात हे मुळीच करू नका, कारण इन्स्पेक्टरसाहेबांनी सनावळी पाठ केलेली नसते.

सुरक्षित वाटतं म्हणून बारागाड्या ओढायला जाल, तर तेही सांभाळून. खान्देशातल्या जत्रेत भगत आधी उपास करतो, देवळात जातो, अंगाला हळद लावतो, मग एकापाठोपाठ जोडलेल्या गाड्या, वर माणसं खच्चून भरलेली, ओढत नेतो. गर्दी दोन्ही बाजूंनी धावते. यात शरीर आहे, जोखीम आहे, कालावधी आहे, समुदायाचा सहभाग आहे. नाही तो फक्त क्युरेटर. म्हणून भगत दुसऱ्या दिवशी शेतात कामाला जातो, आणि तुम्ही जाणार नाही.

६. आवाज वाढवा, आणि तसाच ठेवा

निब्लॉकचं संगीत म्हणजे एकच लांबलचक घनघोर सूर, कानठळ्या बसतील इतका मोठा. त्याच्या जोडीला तो स्वतः काढलेल्या फिल्म दाखवायचा: मेक्सिको, चीन, ब्राझील अशा देशांत हातांनी काम करणारी माणसं. कापणी करणारी, जाळं ओढणारी, ओझी वाहणारी. गोष्ट नाही, निवेदक नाही, नुसते हात चाललेले. २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास, त्याचा सहा तासांचा कार्यक्रम असायचा. जानेवारी २०२४मध्ये तो गेला.

तुम्ही डिसेंबरात लोणखेड्याच्या रस्त्याला उभे राहा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जाताहेत, प्रत्येकाच्या टपावर डेक, प्रत्येक डेकवर वेगळं गाणं, सगळ्यांचा आवाज शेवटपर्यंत पिळलेला. शेजारच्या फडात कोयते चाललेत, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढताहेत. चित्र आहे, सूर आहे, हातही आहेत. निब्लॉकला विमानाचं तिकीट काढून जावं लागायचं, ते तुम्हाला पायी पडतं. फक्त रस्त्यावर खुर्ची टाकू नका. ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली मागे घेता येत नाही.

७. प्रेक्षकांना शिस्त लावा

कॅप्रोने १९५९मध्ये प्लास्टिकच्या पडद्यांनी जागेचे तीन भाग पाडले, प्रेक्षकांच्या हातात कार्डं दिली, घंटा वाजली की कुठे जाऊन बसायचं ते त्यात लिहिलेलं. लोक मुकाट बसले. आपल्याकडे लग्नात ‘वऱ्हाडी मंडळींनी जेवायला चलावं’ असं माइकवर चार वेळा सांगूनही कोणी उठत नाही, हे ध्यानात घ्या. कार्डं छापाल तर मागे कोणीतरी हिशेब लिहून ठेवेल.

लोणखेड्यातला प्रेक्षक तीन टप्प्यांत येतो. पहिल्यांदा पोरं येतात, आणि त्यांना हे कळतं. मग मोटारसायकल बाजूला लावून एक जण विचारतो, ‘काय करी ऱ्हायना रे भो?’ शेवटी तुमच्या ओळखीचं माणूस येतं आणि घरी फोन करतं. या तिसऱ्या टप्प्याआधी सादरीकरण आटपा. शिल्पा गुप्ता यांनी मुंबईच्या लोकलमध्ये खोट्या रक्ताच्या बाटल्या प्रवाशांच्या हातात ठेवल्या होत्या. ‘ब्लेम’ हे त्या कामाचं नाव. रक्तावरून कोणाचा जात-धर्म कळतो का, असा त्यामागचा प्रश्न. शहादा आगारातून सुटणाऱ्या एसटीत असं काही वाटायला गेलात तर कंडक्टर आधी सामानाचं तिकीट फाडेल, प्रश्नाचं पुढे बघू.

८. निवेदन लिहा

हा धंद्याचा कणा. कृती फसली तरी चालेल, निवेदन फसता कामा नये. नमुने देतो, उतरवून घ्या.

तुम्ही केलं: गोमाईच्या पुलावर रिकामी बादली घेऊन तासभर उभे राहिलात.
निवेदनात: ‘नदी, देह आणि पात्र यांच्यातील रिक्ततेची चौकशी.’

तुम्ही केलं: कच्ची पपई फोडली, हाताला खाज सुटली.
निवेदनात: ‘फळाने केलेल्या प्रतिकाराची त्वचेवरील नोंद.’

तुम्ही केलं: मधेच झोप लागली.
निवेदनात: ‘उत्पादक श्रमाला दिलेला नकार.’

तुम्ही केलं: कोणीच आलं नाही.
निवेदनात: ‘अनुपस्थित समुदायाशी संवाद.’

‘अवकाश’ हा शब्द दर परिच्छेदात एकदा यावा. ‘सीमारेषा’ आल्या की त्या लगेच ‘धूसर’ करून टाका. आजीला वाचून दाखवा. तिला समजलं तर पुन्हा लिहा.

९. दुःख निवडताना

स्वतःचं दुःख पुरत नाही, हे लवकरच ध्यानात येईल. भाडं थकलं, लग्न जमेना, एवढ्यावर शिष्यवृत्ती देत नाहीत. मोठं दुःख हवं, आणि ते आपल्या जिल्ह्यात आहे: सरदार सरोवरात बुडालेली गावं. कलावंत तुषार जोग यांनी २०१०मध्ये मुंबईहून बुलेट काढली, तिचं नाव रोसिनान्ते ठेवलं, आणि सरदार सरोवरावरून चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाकडे आणि पुढे शांघायला गेले. विकासाच्या नावाखाली पाण्यात गेलेल्या दोन खोऱ्यांना रस्त्याने जोडायचं, हा त्यामागचा विचार. जोगांनी निदान अंतर तरी कापलं. तुम्ही नकाशावर बोट फिरवून भागवायचं म्हणताय, तर पुढचं नीट वाचा.

१९९९च्या पावसाळ्यात धडगाव भागातल्या डोमखेडीला सरदार सरोवराचं पाणी चढत असताना माणसं जागेवरून हलली नाहीत. पाणी छातीपर्यंत आलं तरी उभी राहिली. त्यांनी त्याला सत्याग्रह म्हटलं. विस्थापितांच्या वसाहती तळोदा-शहादा भागात आहेत, म्हणजे ते अनुभवी लोक तुमचे शेजारी आहेत. तुम्ही टबात बसून ‘बुडीत’ नावाचं सादरीकरण करणार असाल, तर खुशाल करा, फक्त ते पुण्यात करा. इथे केलंत तर कोणीतरी येऊन टबाची खोली विचारेल.

१०. पुरावा ठेवा, किंवा नीट हरवा

सादरीकरण संपलं की काही उरत नाही, हे या कलेचं वैशिष्ट्य म्हणून सांगायचं, आणि दोन कॅमेरे लावायचे. मोबाइल आडवा धरा. मागे पाण्याची टाकी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर असं काही येऊ देऊ नका. आलंच तर ‘स्थानिक संदर्भ’ म्हणा.

पदमसींची वाट याहून भारी आहे. १९६९मध्ये त्यांनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ ही फिल्म केली. तिची एकच प्रत होती, ती हरवली. पुढे २०१६मध्ये आशिम अहलुवालियांनी त्या हरवलेल्या फिल्मवरच त्याच नावाची फिल्म काढली. म्हणजे काम चांगलं असेल तर ते हरवूनही चालतं. तुमचं अजून तितकं चांगलं नाही, तेव्हा तूर्त गूगल ड्राइव्हवर टाकून ठेवा.

११. काठीला जाऊ नका

होळीला मित्र म्हणतील, चल, अक्कलकुव्याच्या काठीची होळी बघून येऊ. जाऊ नका, धंद्यावरचा विश्वास उडतो. तिथे नवस बोललेले बुध्या नाचायला येतात. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळक्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ. पाऊल टाकलं की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि माणसाआधी त्याचा आवाज पोचतो. ढोल रात्रभर थांबत नाही. उंच बांबूची होळी पेटते ती पहाटे. या सगळ्याआधी त्यांनी कित्येक दिवस पाळणी धरलेली असते. खाटेवर झोपायचं नाही, खाण्यापिण्याचे नेम मोडायचे नाहीत. नवस असतो, तो फेडायचा असतो. तुम्ही आपण कलावंत असल्याचं सांगितलंत, तर ते आदराने बाजूला जागा देतील आणि विचारतील, ‘तुमची पाळणी किती दिवसांची?’ याला निवेदनात उत्तर नाही.

शंकासमाधान

शंका: घरचे विचारतात, यातून मिळतं काय?
उत्तर: प्रवासखर्च. तोही बिलं पाठवल्यावर, नंतर.

शंका: गावात मुलगी द्यायला लोक तयार होत नाहीत.
उत्तर: बायोडाटात ‘कला क्षेत्रात स्वतःचा व्यवसाय’ लिहा. पपईचं क्षेत्र किती एकर, ते त्याच्या वर लिहा.

शंका: उपास, जागरण, ओझी ओढणं, उघड्यावर राहणं, हे सगळं इथे पूर्वीपासून चालतं. मग आम्ही नवीन काय करायचं?
उत्तर: नवीन काहीच करायचं नाही. तेच करायचं, शेजारी स्वतःच्या नावाचा फलक लावायचा आणि संध्याकाळी घरी यायचं. वाटेल तेव्हा थांबून घरी येता येणं, ही या धंद्याची न छापलेली अट आहे. कोपीतल्या माणसाला ती पुरी करता येत नाही, पाण्यात उभ्या राहिलेल्याला घरच उरलेलं नसतं, आणि बुध्याला नवस फिटेपर्यंत परवानगी नसते. त्यांचे अर्ज छाननीतच बाद. तुमचा टिकेल. आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो जोडा. फोटोत हसू नका.